अव्वाचं पुस्तक: प्रकल्पाच्या नोंदी

23 जुलै 2023, रविवार

काम: चित्रपुस्तक, वय 3 ते 6. पानं 24. प्रती ठरायच्या आहेत. मुदत भाचीच्या पाचव्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे पुढचा मे. बजेट माझा खिसा.

मागणी भाचीचीच. तिच्याकडे माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ आहे, घरातल्या एकेका माणसावर एकेक छोटं पुस्तक. काल रात्री तिनं ती सगळी सतरंजीवर पत्त्यांसारखी मांडली, दोनदा मोजली आणि विचारलं, ‘‘मामा, यात अव्वाचं कुठंय?’’ मी म्हटलं, हे राधाचं घर आहे, राधाकडे अव्वा नाही. ‘‘मग माझ्या घराचं आण.’’

दुकानातून आणण्यासारखं असतं तर आणलं असतं.

ही वही पुढे कुणी चाळली तर माहीत असावं म्हणून: भाची माझ्या ताईची. ताई आणि तिची जोडीदार बारा वर्षं एकत्र राहतात. जोडीदार धारवाडची, म्हणून घरात एक आई आणि एक अव्वा. ‘दोघींना काय हाक मारायची’ हा प्रश्न आमच्याकडे कानडीनं परस्पर सोडवला. सगळ्यांना धारवाडची जोडीदार मिळणार नाही, हे मान्य.

मी दिवसभर दुसऱ्यांची पानं लावतो. दिवाळी अंक, गाइडं, लग्नपत्रिका. स्वतःचं पुस्तक पहिलंच.

30 जुलै

आधी कुणी काय केलंय ते बघून घेतलं. आठवडाभर रात्री तेच.

पहिलं लक्षात राहिलं ते अमेरिकेतलं 1979 चं ‘व्हेन मेगन वेंट अवे’. त्यात आईची जोडीदार घर सोडून गेलेली आहे आणि मुलगी आईसोबत मागे उरली आहे. म्हणजे पहिल्याच पुस्तकात काडीमोड! मग डेन्मार्कच्या सुझान बॉशचं 1981 चं पुस्तक. पाच वर्षांची मुलगी, तिचा बाबा आणि बाबाचा जोडीदार. काळेपांढरे फोटो, कपडे धुवायला नेणं, वाढदिवसाची तयारी, बस. 1983 मध्ये ते इंग्रजीत आलं. 1986 मध्ये लंडनमध्ये शिक्षकांसाठीच्या एका केंद्रात त्याची प्रत असल्यावरून वर्तमानपत्रांनी रान उठवलं आणि 1988 मध्ये ब्रिटनच्या स्थानिक स्वराज्य कायद्यात कलम 28 आलं. नगरपालिकांनी समलिंगी संबंधांचा ‘प्रसार’ करायचा नाही आणि शाळांमधून असं ‘बतावणीचं कौटुंबिक नातं’ स्वीकारार्ह आहे असं शिकवू द्यायचं नाही. बतावणीचं, हा शब्द कायद्यातला आहे. स्कॉटलंडनं ते 2000 मध्ये काढलं, बाकीच्यांनी 2003 मध्ये. एका छोट्या पुस्तकातली धुण्याची बादली एवढ्या लांब जाते.

‘हेदर हॅज टू मॉमीज’ 1989 चं. लेस्लिया न्यूमन यांना रस्त्यात एका बाईनं थांबवलं आणि आमच्यासारखं घर असलेलं पुस्तक मुलीसाठी मिळत नाही, म्हणाली. प्रकाशक तयार होईनात. मग त्यांनी लोकांकडून दहा-दहा डॉलर गोळा केले, चार हजार जमले, आणि पुस्तक छापलं. हे वाचून बरं वाटलं. वर्गणी काढून काम करणं आपल्या हाडात आहे.

पहिल्या आवृत्तीत हेदर कशी जन्मली, डॉक्टरकडे काय झालं, याची पानं होती. पुढच्या आवृत्तीत ती गेली. टीप: आपल्यालाही हे ठरवावं लागेल. भाची दत्तक आहे आणि ते ती भाजीवाल्यापासून सगळ्यांना स्वतःच सांगते (‘‘मी संस्थेतून आले, पांढऱ्या गाडीतून’’). पुस्तकानं परत सांगायची गरज नाही.

भारतातलं: अमेय नारवणकर यांचं ‘रितू वेड्स चांदनी’, 2020. वरातीत घोड्यावर नवरी, समोर दुसरी नवरी. आडनाव आपलं, पुस्तक इंग्रजीत. शल्स महाजन यांच्या ‘रेवा अँड प्रिशा’तल्या जुळ्यांना दोन आया आहेत, पण ते वाचता येणाऱ्या मुलांसाठी. झोपताना मांडीवर घेऊन दाखवायचं, मराठीत, मला मिळालं नाही.

6 ऑगस्ट, रविवार

पुस्तक सापडलं. आज, आईच्या स्वयंपाकघरात.

अधिक श्रावण चालू आहे. आईचे तांदूळ आठवडाभर आधीपासून चालले होते. तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत फडक्यावर कोरडे, मग कुटून, चाळून, गूळ घालून गोळा डब्यात. मला वाटलं स्वतःच्या हौसेनं करतेय. आम्ही जेवायला पोचलो तर ओट्यावर थाळा मांडलेला. अनारसे, तुपाचा दिवा, एक शर्टपीस आणि एक ब्लाउजपीस. (शर्टपीस का, विचारल्यावर, ‘‘पद्धत आहे. शिवून घेईल कुणीतरी.’’)

आई अव्वाला बारा वर्षं ‘तुम्ही’ म्हणते. लेकीच्या वयाच्या मुलीला आईनं ‘तुम्ही’ म्हटलं की तो मान नसतो, ते अंतर असतं. आम्हाला सवय झाली होती.

ताईनं विचारलं, ‘‘आई, हे कुणासाठी?’’

‘‘मोजून तेहतीस आहेत,’’ आई म्हणाली. मग पदर खोचून अव्वासमोर ताट धरलं आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाली, ‘‘घ्या जावईबापू.’’

‘तुम्ही’ तेच होतं.

ताई मोरीत तोंड धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही. अव्वाला अधिकाचं वाण म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. ती आधी वाकून पाया पडली, मग उभ्याउभ्याच एक अनारसा खाल्ला. ‘‘आता बत्तीस!’’ भाची ओरडली. मग तिनं एक घेतला. तीस आणि एक. (2019 मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा मी बालभारतीच्या नावानं बोटं मोडली होती. घरातच ही पद्धत निघाली.)

आणि एक. नंतर उरलेल्या पिठाचा अनारसा तुपात सोडल्यावर विरून कढईभर पसरला. आई म्हणाली, ‘‘हसला मेला!’’ भाची स्टूलवर चढून कढईत बघायला लागली. खरोखर हसतोय का ते बघायला.

हेच पान. हेच पुस्तक.

20 ऑगस्ट

मजकुराचा कच्चा खर्डा झाला, 24 पैकी 19 पानांवर. गोष्ट एवढीच: आजी जावयासाठी तेहतीस अनारसे करते. एक हसतो. एक मांजर पळवते. शेजारी, पोस्टमन, इस्त्रीवाले काका येतात, अनारसे कमी होत जातात. जावई ऑफिसातून यायचाय. शेवटी डब्यात तीन उरतात. दार वाजतं. अव्वा येते.

‘जावई म्हणजे अव्वा’ असं कुठेही लिहिलेलं नाही. आजी दार उघडून ‘‘या जावईबापू’’ म्हणते, अव्वा चपला काढते. मूल पान उलटतं.

सुरुवातीला दुसरा एक खर्डा केला होता, प्राण्यांचा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातल्या दोन नर पेंग्विननी अंडं उबवून पिल्लू वाढवलं, त्यावर 2005 मध्ये ‘अँड टँगो मेक्स थ्री’ आलं. प्राणी घेतले की लोक बिथरत नाहीत, असा माझा हिशेब. तो चुकला. 2014 मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं तेही मुलांच्या कपाटातून काढलं, लगदा करायला निघाले होते, ओरडा झाल्यावर मोठ्यांच्या विभागात ठेवलं. पेंग्विन असूनही सुटका नाही. मग माणसंच बरी.

प्राण्यांवरून सुचलं, आपली चिऊताई! कावळा दार ठोठावतोय आणि ही ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते’ म्हणतेय. मेणाचं घर, एक बाळ, चिमण्याचा पत्ता नाही. इतक्या पिढ्यांत एकाही मुलानं बाळाचे बाबा कुठायत म्हणून विचारलेलं मी ऐकलं नाही. मुलांना काळजी कावळ्याच्या शेणाच्या घराची असते.

इंग्रजी पुस्तकांना नावातच ‘टू मॉमीज’ सांगावं लागतं. आपल्याकडे लपवायची सोय नाही. आली, बसली, हसली. क्रियापदच चुगली करतं. दुसऱ्या पानापर्यंत कुणालाही कळतं की घरात बाबा नाही. मग वेगळं सांगायचं कशाला?

16 सप्टेंबर

चित्रकार मैत्रिणीनं पेन्सिलचे आराखडे पाठवले. अव्वाला बॉयकट, शर्ट, मनगटात मोठं घड्याळ. ताईला लांब वेणी, साडी.

ताईला दाखवले. ती हसून हसून दमली. घरात बॉयकट ताईचा आहे. अव्वाची वेणी कमरेपर्यंत, आणि सणाला ती हटकून इलकल नेसते, तांबड्या टोपपदराची. चित्रकाराची चूक नाही, ‘जावई’ शब्द वाचला आणि हात आपोआप तिकडे वळला. पण पुस्तकात हे गेलं असतं तर भाचीनं पहिल्याच पानावर, ही कोण, म्हणून विचारलं असतं.

मग प्रश्न मंगळसूत्राचा. दोघींच्या गळ्यात नाही. मैत्रीण म्हणाली, वाचणारी आजी तेच शोधेल. अर्धा तास फोनवर घासाघीस. शेवटी जिथे जिथे दोघींचे गळे दिसतात तिथे तिथे भाचीचे हात गळ्यात घातलेले काढले. तसंही ती लोंबकळतच असते.

17 ऑक्टोबर, मंगळवार

आज काम झालं नाही. सकाळपासून सर्वोच्च न्यायालयाचं थेट प्रक्षेपण, समलिंगी लग्नांच्या खटल्याचा निकाल.

पाच न्यायमूर्ती. लग्नाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही जण एक. दत्तकाच्या नियमावर तीन विरुद्ध दोन. जोडप्यानं दत्तक घ्यायचं तर किमान दोन वर्षांचा स्थिर वैवाहिक संबंध हवा, हा नियम तीन जणांनी कायम ठेवला. म्हणजे आहे तेच. एकटी बाई दत्तक घेऊ शकते, ताईनं तसंच घेतलं. कागदावर ताई आई आहे. अव्वा कागदावर कुणीच नाही.

संध्याकाळी गेलो. अव्वा भाचीला अंघोळ घालत होती, बादलीत आवाज घुमत होता. टीव्ही बंद होता. ताईनं विचारलं, पुस्तक कुठवर आलं. मी म्हटलं, रंग चाललेत. ‘‘लवकर कर,’’ म्हणाली.

28 नोव्हेंबर

दिवाळी अंकांतून मोकळा झालो. एका प्रकाशकांकडे डमी घेऊन गेलो, मुलांची चांगली पुस्तकं काढणारे. मनापासून बघितली त्यांनी. अनारसा हसतो ते दुपानी चित्र दोनदा उलटून पाहिलं.

मग म्हणाले, ‘‘हे छापू या. फक्त एक करा. अव्वाला मावशी करा. गोष्टीत काहीच बदलत नाही.’’

मी तिथे काही बोललो नाही. बसमध्ये उत्तर सुचलं, नेहमीप्रमाणे. मावशीला अधिकाचं वाण देत नाहीत. मावशी केली तर तेहतीस अनारसे कुणासाठी? आजीनं तीन दिवस तांदूळ कुणासाठी भिजवले? सगळंच मोडतं. पहिल्या पानावर आजी मोजायला बसते तिथपासून गोष्ट कोसळते.

त्यांना तसं पत्र लिहिलं. दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं, पालकांची मानसिकता वगैरे. राग नाही. त्यांनी निदान ‘असली पुस्तकं’ म्हटलं नाही. आपणच छापायचं, चाळीस प्रती.

19 जानेवारी 2024

शाळाप्रवेशाचा फॉर्म. ताई अर्धा दिवस रजा काढून गेली, मला गाडी चालवायला घेतलं.

‘वडिलांचे नाव’ या रकान्यात रेघ मारा, म्हणाले. मारली. पुढे एक तक्ता: मुलाला शाळेतून नेण्याची परवानगी असलेल्या व्यक्ती. नाव, फोन, नातं. पहिल्या ओळीत रिक्षावाले काका, दुसऱ्या ओळीत अव्वा. नात्याच्या रकान्यापाशी ताईचं पेन थांबलं. खिडकीतल्या बाई मदत म्हणून म्हणाल्या, ‘‘मावशी लिहा ना.’’

पुन्हा मावशी! महाराष्ट्रात मावश्यांची एवढी भरती कधीपासून चाललीय कोण जाणे.

ताईनं लिहिलं: अव्वा. बाईंनी विचारलं, म्हणजे काय? ‘‘कानडीत आई.’’ बाईंनी ताईकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, शिक्का मारला.

गाडीत मी ताईला ‘आशाज मम्स’ची गोष्ट सांगितली. कॅनडातलं 1990 चं पुस्तक. आशाला विज्ञान केंद्राच्या सहलीला जायचंय, फॉर्मवर दोन आयांची नावं, बाई म्हणतात फॉर्म चुकलाय. ब्रिटिश कोलंबियातल्या सरे गावच्या शाळा मंडळानं हे आणि आणखी दोन पुस्तकं बालवाडी-पहिलीच्या वर्गात वापरायला मनाई केली. एक शिक्षक कोर्टात गेला, प्रकरण थेट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात, डिसेंबर 2002 मध्ये मंडळाचा निर्णय रद्द झाला. ताई म्हणाली, ‘‘आणि आशा? गेली का सहलीला?’’ गेली. तिला तेवढंच हवं होतं.

फॉर्मचं पान आपल्या पुस्तकात घालायचा मोह झाला. नको. अनारश्यांच्या गोष्टीत खिडकीतल्या बाईंचं काम नाही.

12 मार्च

कालचा मंत्रिमंडळाचा निर्णय: 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मणाऱ्या मुलांची नावं सरकारी कागदांवर स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव अशी. भाची 2019 ची, तिला लागू नाही. तिच्या नावात मधे ताईचंच नाव आहे. पण माझ्या डोक्यात भलतंच आलं. पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या आतल्या आस्तर पानावर ‘या पुस्तकाची मालकीण’ असं लिहून खाली रेघा ठेवायच्या होत्या. मी सवयीनं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा तीन टिंबरेघा आखल्या होत्या. वर्षानुवर्षं पत्रिका लावणाऱ्याचा हात.

पुसल्या. आता एकच ओळ ‘माझं नाव’, आणि खाली ‘आमच्या घरात’ म्हणून अर्धं पान कोरं.

7 एप्रिल

प्रूफ तपासली. फाइलची भाषा हिंदी राहिली होती, त्यामुळे सगळे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटले. अक्षरं नुकती गिरवणाऱ्या मुलाला असला ल दाखवणं म्हणजे फसवणूक. भाषा मराठी केली, ल आणि श जागेवर आले, पण दोन पानांवर ओळी सरकल्या. पुन्हा लावल्या.

आईला वाचून दाखवलं. ती खुर्चीत डोळे मिटून ऐकत होती. झोपली असं वाटलं. दहाव्या पानाला म्हणाली, ‘‘खसखस खाली लिहिलंयस. खसखस वर असते. आणि उलटत नाहीत, झाऱ्यानं वरून तूप उडवतात.’’ चित्रातही आजी अनारसा उलटत होती. मैत्रिणीला फोन. तिनं पान पुन्हा रंगवलं, कुरकुरत.

विषयाबद्दल आई काही बोलली नाही. आजीच्या नऊवारीचा रंग बदल म्हणाली, त्यानं ती काळी दिसते.

4 मे

छपाई. प्रत 310 रुपये पडली, आत 170 जीएसएमचा जाड मॅट कागद, मुखपृष्ठाला लॅमिनेशन, सेंटर पिन. गठ्ठा घेऊन घरी आलो आणि उघडून बघितला तर काही प्रतींत एक ताव उलटा घातलेला. अव्वा पाचव्या पानावरच घरी आलेली, अनारसे तळायच्या आधी. छापखान्यात म्हणाले, ‘‘गोष्ट तरी कळतेय ना?’’ कळतेय, पण जावई उपाशी राहतो.

चार प्रती बाद. तेहतीस उरल्या असत्या तर सांगायला किस्सा झाला असता. उरल्या छत्तीस.

19 मे, रविवार

वाढदिवस. वेष्टन फाडून भाचीनं पुस्तक जमिनीवर ठेवलं, ‘राधाचं घर’ आणून शेजारी मांडलं आणि मोजलं. मग वाचायला दिलं, अव्वाला. अव्वाचं मराठी वाचन अजून अडखळतं, ‘तेहतीस’पाशी ती थांबली. ‘‘तीस आणि तीन,’’ भाचीनं सांगितलं.

आलेल्या मुलांपैकी शेजारच्या मुलानं एकच शंका काढली. मांजर अनारसे खात नाही, मांजर दूध पितं. यावर बराच वाद झाला. त्याची आई पाठीमागे उभी राहून पानं बघत होती. जाताना म्हणाली, एक प्रत मिळेल का? पैसे देते. पैसे घेतले नाहीत, प्रत दिली. भाचीची धरून उरल्या पस्तीस.

आस्तर पान भाचीनं भरलं. ‘आमच्या घरात’खाली अव्वा, आई, आजी. ‘मामा’ लिहायला जागा उरली नाही, कारण मांजर फार मोठं काढलंय. त्यांच्या घरी मांजर नाही.

पुढचं काम: मांजराच्या पुस्तकाची मागणी नोंदवली आहे. मुदत दिलेली नाही.